सतरा नंबरचा आयसाके

सोमवार, ५ ऑगस्ट. बोटीवर.

नवी वही. या सहलीचं खरंखुरं टिपण ठेवणार आहे. दाखवायचं कुणालाच नाही, त्यामुळे उगाच नम्रपणा नको. सुव्यातल्या आमच्या शाळेची बारावी विज्ञानाची अकरा मुलं, मी लीडर. आठवडाभर बेटावर राहून समुद्र शिकवायचा. वर्गात जे डोक्यात शिरत नाही ते गुडघाभर पाण्यात उभं केलं की शिरतं, हा माझा अनुभव. म्हणजे, पुढच्या सोमवारपर्यंत होईलच अनुभव.

लाटा आहेत. मला बोट लागत नाही. सकाळचा पाव लागला, एवढंच.

त्याच दिवशी, संध्याकाळ. बेटावर.

स्वागत उत्तम. यांगोनाच्या, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाच्या, मुळांची जुडी गावाच्या मुखियापुढे ठेवून रीतसर प्रवेश मागितला. माझं भाषण चांगलं झालं. जरा जास्तच चांगलं झालं. भरात येऊन सांगून बसलो की मुलांपुढे आदर्श म्हणून मी सात दिवस समुद्रातलं काहीही खाणार नाही. मासा नाही, खेकडा नाही, शेवाळसुद्धा नाही. सगळी सभा हसली. गावकारभारी कामिनियेली म्हणाला, मग काय खाणार रे तू, डुकरा, आमची डोकी?

रागवायचं कारण नाही. आमच्या बेटाचं आणि यांचं तौवूचं नातं आहे. दोघांचा मूळ देव एक. त्यामुळे एकमेकांना तोंडावर चोर आणि डुक्कर म्हणायचं आणि एकमेकांच्या घरातलं हवं ते न विचारता उचलायचं. ज्याचं गेलं त्याने रागवायचं नाही. रागावला तर त्याचीच लाज.

माझी सोय बू, म्हणजे आजी, उनाइसी यांच्या घरी. भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा, आयसाकेचा, फोटो. तो वारला त्याला आठ वर्षं झाली. फोटो बरोबर माझ्या उशीवर येतो. भारदस्त माणूस. म्हातारी म्हणाली, चोरा, नीट झोप, माझा नवरा लक्ष ठेवून आहे.

जेवण: उकडलेल्या अळकुड्या, नारळाच्या दुधातलं अळूचं फदफदं. बाकी सगळ्यांना तळलेला मासा. वास बरा होता.

मंगळवार, ६ ऑगस्ट. सकाळी साडेआठ.

पहाटे ओहोटी होती. मुलं उठायच्या आत एकटाच खडकाची पाहणी करून आलो. लीडरने आधी जागा बघायची असते. बूंकडून एक लिंबू आणि दोन मिरच्या मागून घेतल्या होत्या. घशासाठी.

वासुआचा, म्हणजे आमच्याकडच्या राक्षसी शिंपल्याचा, एक नमुना तपासला. उत्तम प्रकृतीचा, दीड वीत लांब.

दहा वाजता.

वही खासगी आहे, तर लिहूनच टाकतो. नमुना चवीलाही तपासला. अळकुडीवर माणूस किती तास विचार करू शकतो यालाही मर्यादा आहे. शिवाय चव हा शास्त्रीय गुणधर्मच आहे. शपथ खाण्याबद्दल होती. मी जेवलो नाही, उभ्याउभ्या चाखला. सगळा.

गावाने मासेमारी बंद ठेवलेला एक खडक आहे, शिंपला त्या बंदीच्या खडकाच्या हद्दीबाहेर होता. निदान अर्धा. हद्दीच्या काठीला बांधलेल्या नारळाच्या झावळ्या वाऱ्याने वाकल्या होत्या, त्यामुळे हद्द नक्की कुठे हे कुणालाच सांगता आलं नसतं. आणि तौवू आहे मी. मला हक्कच आहे. टरफलं डुकरांच्या कुंपणामागे पुरली. लपवली नाहीत, स्वच्छता म्हणून पुरली.

दुपार.

बंदीचा खडक बघायला गेलो. न्यायला नेतानी, बूंचा धाकटा मुलगा. हा खडकाचा रक्षक. डोक्यावर उन्हाने विटलेली केशरी टोपी, पुढे हाताने शिवलेलं 'रक्षक'. मुलांशी छान बोलतो. मला म्हणाला, ए चोरा, शिडीवर सांभाळून, बोट उलटेल. हसलो.

तो सांगत होता. आठ वर्षांपूर्वी गावच्या बायकांनी चाळीस छोटे वासुआ आणून या खडकावर लावले. प्रत्येकीने एकेक ओंजळीतून नेला, त्याला नंबर घातला आणि आपल्या माणसाचं नाव दिलं. मेलेल्या भावाचं, परदेशी गेलेल्या लेकीचं. तेव्हापासून इथे मासेमारी बंद. सात नंबरच्या शिंपल्याला लितियाने मुलाचं नाव दिलं होतं. तो मुलगा न्यूझीलंडहून परत आला, तरी ती अजून आधी शिंपल्याची विचारपूस करते, मग मुलाची.

मुलं हसत होती. मीही.

तोरिका, वर्गातली सगळ्यात हुशार आणि म्हणून सगळ्यात त्रासदायक मुलगी, पाटीवर मोजत होती. बुडी मारून वर आली आणि म्हणाली, सर, एकोणचाळीस. पुन्हा मोज म्हटलं. ती पुन्हा गेली. एकोणचाळीसच. सतरा नंबर नाही.

नेतानीचा चेहरा उतरला. म्हणाला, सतरा म्हणजे बाबा.

मी विचारलं, कोण बाबा.

म्हणाला, आईने लावलेला. आयसाके.

रात्री उशीची दिशा बदलली. तरी फोटो दिसतो.

बुधवार, ७ ऑगस्ट. सकाळी सात.

ठरलं. न्याहारीच्या वेळी सांगून टाकायचं. बू, तुमचा शिंपला मी खाल्ला. साधं वाक्य आहे. तौवू आहोत, हसतील, डुक्कर म्हणतील, संपलं.

साडेआठ.

न्याहारी झाली. नुसती अळकुडी. उपाशी पोटी कबुली नीट होत नाही. बू म्हणाल्या, चोरा, आज गप्प का? माझ्या हातातली अळकुडी पडली. तौवूला चोर म्हणणं म्हणजे नमस्कार म्हणण्यासारखं, हे मला चांगलं माहीत आहे. पण आजचा चोर नेहमीचा होता की वेगळा, ते कळायला मार्ग नाही.

दुपार.

नेतानी सकाळपासून पाण्यात. आयसाके कुठे घरंगळला का बघतो आहे. एवढा मोठा शिंपला घरंगळत नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तरी बघतो आहे. चार वेळा वर आला, चार वेळा रिकाम्या हाताने. ओठ निळे पडले होते. काठावर उभा राहून मी त्याला वेळ सांगत होतो. मदत म्हणून.

कामिनियेलीने मला नियम समजावून सांगितला. दरवर्षी एकदा मोजणी होते, यंदा ती आमच्या सर्व्हेवर आहे. शनिवारी मुखियापुढे आकडा सांगायचा. एक जरी कमी भरला तर रक्षक बदलायचा. चोर कोण ते नंतर. राखण ज्याची, जबाब त्याचा. मी म्हणालो, जरा कडकच नियम. तो म्हणाला, नियम कडक नाही रे डुकरा, खडक मऊ आहे.

याचा अर्थ काय असेल?

या टोपीसाठी नेतानीने दोन वर्षांपूर्वी सुव्यातली गोदीची नोकरी सोडली होती म्हणे. मला हे कुणी सांगायला नको होतं.

गुरुवार, ८ ऑगस्ट.

रात्रभर विचार केला आणि उपाय सापडला. प्रश्न भावनेचा नाही, आकड्याचा आहे. चाळीस हवेत. एकोणचाळीस आहेत. विज्ञानात याला सोपं उत्तर असतं.

पहाटे पलीकडच्या खडकावरून एक वासुआ सोडवून आणला. जरा लहान. फारच हलका. काढताना बोट चिमटलं. सतरा नंबरच्या जागी नीट बसवला, वर थोडी वाळूही टाकली. आता चाळीस. नेतानी वाचला. मीच वाचवला, असं म्हणायला हरकत नाही.

बोट सुजलं आहे. बूंनी हळद नाही, इथलं काहीतरी पान बांधलं. म्हणाल्या, चोराच्या बोटाला काय झालं? मी म्हणालो, शिडी. त्या म्हणाल्या, आमच्या शिडीला दात आहेत होय.

आज कबुली देण्याची गरज उरली नाही. तरी मन हलकं का वाटत नाही, कळत नाही. पोट असेल.

शुक्रवार, ९ ऑगस्ट.

मोजमापाचा दिवस. तोरिकाने सतरा नंबर मोजला. मागच्या वर्षी एकतीस सेंटिमीटर, यंदा चौदा. मला विचारते, सर, शिंपला आखडतो का?

पटकन सुचलं ते बोललो. समुद्राचं तापमान, मनावरचा ताण, त्यामुळे आकुंचन. शास्त्रात असे प्रकार घडतात. तिने विचारलं, टरफलसुद्धा? मी म्हणालो, विशेषतः टरफल.

तिने सगळं लिहून घेतलं, वर 'सरांच्या मते' असं लिहिलं. मग म्हणाली, सर, हा तर नवा शोध झाला. विद्यापीठाला पाठवू या? तुमच्या नावाने. चेहरा अगदी गंभीर.

क्षणभर छान वाटलं, हेही लिहून ठेवतो. माझ्या नावाने.

जेवताना डबाबंद मटण उघडलं. बूंनी माझ्या ताटाशेजारी न मागता अर्धं लिंबू ठेवलं. मी म्हणालो, मटणाला लिंबू नको. त्या म्हणाल्या, असू दे, तुझा घसा.

शनिवार, १० ऑगस्ट. सकाळी.

आज सभा. आज नक्की. भाषण पाठ केलं आहे. अपराध झाल्यावर यांगोनाची जुडी पुढे ठेवून माफी मागायची आपल्यात रीतच आहे, आणि ती पाळण्यात मोठेपणाच आहे. जुडीही कामिनियेलीच्या मेहुण्याकडून आणली. कशासाठी विचारलं नाही त्याने.

रात्री आठ.

सकाळी बूंना होडीतून नेलं. तळाला काच असलेली पेटी पाण्यावर धरून त्या बराच वेळ सतरा नंबरकडे बघत राहिल्या. मग मान वर करून म्हणाल्या, हा कुणाचा तरी पोरगा आहे. माझा म्हातारा नव्हे.

सगळे गप्प. मीही. माझी गप्प बसण्याची तयारी इतरांपेक्षा जास्त होती.

दुपारी सभा. नेतानी उठला. म्हणाला, राखण माझी होती, एक गेला, कसा गेला ते मी सांगू शकत नाही. 'सांगू शकत नाही' म्हणाला. 'माहीत नाही' नव्हे. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. टोपी काढून मुखियापुढे चटईवर ठेवली. टोपीखालचं कपाळ पांढरट, बाकीचा चेहरा काळा. दोन वर्षांत बहुतेक त्याने ती काढलीच नसावी.

तेव्हा मी उठलो. जुडी हातात होती. सगळी सभा माझ्याकडे बघत होती, बू तर पुढे सरकून बसल्या. मी म्हणालो, बंधूंनो, भगिनींनो. आवाज चांगला लागला. मग समुद्राबद्दल बोललो. बदलत्या हवामानाबद्दल, तरुण पिढीबद्दल, नेतानीच्या निष्ठेबद्दल. 'आपण सगळेच कुठे ना कुठे दोषी आहोत' असंही म्हणालो, तिथे जरा जवळ पोचलो होतो. चाळीस मिनिटं. शेवटी जुडी ठेवली आणि आभार मानले.

टाळ्या वाजल्या. नेतानीनेही वाजवल्या. बूंनी नाही.

टोपी कामिनियेलीच्या ओसरीवर खुंटीला लटकते आहे. नवा रक्षक ठरला नाही.

रविवार, ११ ऑगस्ट.

प्रार्थनेला गेलो. प्रवचन चोरीवर. नंतर मुलांनी सांगितलं की ते धीरावर होतं. मी घामाघूम.

रविवारी गावात काम करत नाहीत, कबुलीही कामातच मोडते. उद्या, निघायच्या आधी, नक्की.

दुपारी एकटाच किनाऱ्यावर बसलो. नेतानी येऊन शेजारी बसला. मग म्हणाला, बाबांना पोहता येत नव्हतं, म्हणून आईने त्यांना समुद्रात ठेवलं, शिकतील म्हणून. हसला. त्याच्याकडे बघवलं नाही. तोंड उघडलं. विचारलं, गोदीची नोकरी परत मिळेल का. म्हणाला, बघतो.

हे मी का विचारलं? दुसरं एकच वाक्य होतं माझ्याकडे.

सोमवार, १२ ऑगस्ट. बोटीवर.

सांगितलं. अखेर सांगितलं. नोंद करतो: दहा वाजून पाच मिनिटांनी, सर्वांसमक्ष.

बोट निघाली होती. इंजिन चालू होतं. किनाऱ्यावर सगळं गाव निरोपाचं गाणं म्हणत उभं. मी कठड्याशी गेलो आणि ओरडलो, आयसाकेला मी खाल्लं! दोनदा ओरडलो. त्यांनी हात हलवले. मीही हलवला. ऐकू गेलं की नाही हा त्यांचा प्रश्न. मी माझं कर्तव्य केलं.

इंजिन बंद असताना ओरडता आलं असतं. पण तेव्हा सामान चढवत होतो.

एक तासाने.

बूंनी निघताना केळीच्या पानात बांधून शिदोरी दिली होती. म्हणाल्या, भूक लागली की उघड, चोरा. उघडली. आत टरफलं. दोन्ही. स्वच्छ घासून, वाळवून. मध्ये एक लिंबू आणि दोन मिरच्या.

तोरिका समोर बसली होती. मी पानं पटकन झाकली. ती म्हणाली, सर, झाकू नका, डुकरांनी बुधवारी संध्याकाळीच उकरून काढली होती. आम्ही सगळ्यांनी बघितली.

सगळ्यांनी म्हणजे किती, विचारलं.

म्हणाली, गावाने.

मग कुणी बोललं का नाही? मी विचारलं. जरा चढ्या आवाजात. कुणी बोललं असतं तर मी कबूलच केलं असतं.

ती म्हणाली, तुम्ही तौवू ना, सर. नेतानी काका म्हणाले, तौवूने उचललं तर आपल्याला बोट दाखवता येत नाही, त्याने आपणहून सांगावं लागतं. आणि खडक तर कुणाचा तौवू नाही, त्याला कुणीतरी जबाब द्यायलाच हवा. मग त्यांनी दिला. बू रोज म्हणायच्या, आज सांगेल बघा, आज सांगेल. शनिवारी तुम्ही उठलात तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

चाळीस मिनिटं.

मग तिने रिपोर्ट माझ्यापुढे धरला. एकोणचाळीस ओळी भरलेल्या. सतरावी कोरी. शोधबिध काही नाही. म्हणाली, ही तुम्ही भरायची, असं बू म्हणाल्या आहेत.

मी म्हणालो, शाळेत गेल्यावर भरू. बोट हलते आहे, अक्षर बिघडेल.

गुरुवार, १५ ऑगस्ट. सुवा.

तीन दिवस नेतानीला पत्र लिहितो आहे. पहिलं तीन पानी, फार विद्वान झालं. दुसऱ्यात हद्दीच्या काठीचा मुद्दा आला, फाडलं. तिसऱ्यात अळकुड्या आल्या. फाडलं.

सतरावी ओळ भरली. 'एपरामा सरांनी खाल्ला.' सर हा शब्द नंतर खोडला. तोरिकाने वाचलं, तारीख घाला म्हणाली, घातली.

मग फोन केला. गावात एकच फोन, कामिनियेलीच्या ओसरीवर. त्याने उचलला, नेतानीला हाक मारायला गेला. दहा मिनिटं कोंबड्या ऐकल्या. त्या ओसरीवरच ती टोपी आहे, हे डोळ्यांपुढून जाईना.

नेतानी आला. मी एका दमात म्हणालो, तुझ्या बाबांना मी खाल्लं, मंगळवारी पहाटे, लिंबू लावून. आणि चौदा सेंटिमीटरचाही मीच आणून ठेवला.

तो म्हणाला, माहीत आहे. पुढे बोला.

पुढचं लिहून आणलं नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं की एवढंच एक वाक्य अवघड आहे. ते झालं की तो काहीतरी म्हणेल, मी काहीतरी म्हणेन, आणि संपेल. तो थांबून होता. म्हणालो, चूक झाली. म्हणालो, मुखियाला मी स्वतः सांगतो, जुडी घेऊन येतो, तुझी टोपी तुला परत मिळायला हवी. म्हणालो, पुढच्या शनिवारच्या बोटीने येतो.

म्हणाला, या.

मी म्हणालो, बूंना सांग, लिंबू मिळालं. हसेल असं वाटलं.

तो म्हणाला, सांगतो. आणि सर, येताना जेवणाचा डबा घेऊन या.

तौवूला असं कुणी सांगत नाही. मी म्हणालो, आणतो.

सगळं बोलणं चार मिनिटांचं. तेवढ्यात त्याने मला एकदाही चोर म्हटलं नाही.